सहाशे म्हणजे फक्त मी

"सांगितलेलं ठेवणारच हो. न सांगितलेलं काय काय ठेवतं हे?"

लॅबमधल्या ताईंनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. नव्या कॉम्प्युटरवरचं प्लॅस्टिक काढता काढता विचारलेला. मी नुकतंच मोठ्या ऐटीत सांगून चुकलो होतो की ताई, तुम्ही सांगाल ते सगळं हे यंत्र लक्षात ठेवतं. एरवी लोक हे ऐकून खूश व्हायचे. ह्या बाईंनी भुवया एकत्र आणल्या.

मी हसलो. तुम्हीही हसला असता. नव्वदीचं दशक सरत आलं होतं. आमच्याकडे कॉम्प्युटरसमोर उभा राहिलेला माणूस विचारायचा, यात पत्रिका निघते का. फार तर, गाणी लागतात का. नगरच्या सावेडीत माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं छोटं दुकान होतं आणि नगरपासून तासाभरावरच्या एका संस्थेचं काम माझ्याकडे होतं. शाळा, वसतिगृह, ऑफिस आणि हे हॉस्पिटल. कॉम्प्युटर बिघडला की मी स्कूटरवरून जायचो. ताई तिथे रक्त-लघवी तपासायच्या. चाळिशीच्या असतील. किडकिडीत अंग, सुती साडी आणि तिच्यावर बाह्या दुमडलेला पांढरा कोट.

त्या मूळच्या कर्जतकडच्या. घर बौद्ध. वस्तीत लिहिता-वाचता येणारे पहिले म्हणजे त्यांचे वडील. आजूबाजूच्या सगळ्यांची पत्रं त्यांच्याकडे वाचायला यायची. सुरतेला गेलेल्या मुलाची, सासरी नांदत नसलेल्या लेकीची, सगळ्यांची. लहानपणी ताई शेजारी बसून ऐकायच्या आणि संध्याकाळी आईला काहीतरी सांगायला जायच्या. एकदा वडिलांनी ऐकलं. मारलं नाही. एवढंच म्हणाले, "पत्र वाचायचं आन् इसरायचं. न्हाई इसरता येत, तर वाचू नये."

"आमच्या घरात एवढी एकच शिकवण पक्की होती," ताई म्हणायच्या. त्यांच्या बोलण्यात गावाकडचं फारसं उरलं नव्हतं, पण वडिलांचं वाक्य त्या जसंच्या तसं उच्चारायच्या.

त्या वर्षांत एका नव्या आजाराची तपासणी सुरू झाली होती. तिचं नाव कोणी घेत नसे. "ती टेस्ट" म्हणायचे. ट्रकवर जाणारे, ऊसतोडीहून परतलेले, आणि काही महिन्यांनी त्यांच्या बायका. निकाल सांगायचं काम डॉक्टरांचं, पण डॉक्टर आठवड्यातून दोनदा यायचे. माणसं ताईंकडेच बसून राहायची. त्या दार लावून घ्यायच्या आणि आपलं स्टूल माणसाच्या अगदी जवळ ओढायच्या. आत काय बोलायच्या मला ठाऊक नाही. बाहेर येणारी माणसं तोंड धुऊन आल्यासारखी दिसायची.

ह्या निकालांची प्रत्येकी एक फाईल करायची, असं ठरलं. फाईलला नाव काय द्यायचं, असं ताईंनी विचारलं तेव्हा मी म्हणालो, पेशंटचं नाव आणि पुढे टेस्टचं नाव द्या, शोधायला सोपं जाईल. हे मीच सांगितलं. लिहून ठेवायला हवं म्हणून लिहितो.

शेवगावकडची एक बाई होती. नवरा आधीच गेलेला. एका आश्रमशाळेत स्वयंपाक करायची आणि धाकट्या दिराच्या घरी राहायची. तिच्या टेस्टमध्ये तो आजार निघाला. ताईंनी तिला तासभर समजावलं, औषध-पाण्याचं सांगितलं, आणि ही गोष्ट तुझ्या-माझ्यात राहील असा शब्द दिला. त्याच दिवशी दुपारी ताई डबा खायला गेल्या असताना हॉस्पिटलचा स्टोअरकीपर रजेचा अर्ज टाईप करायला लॅबमध्ये बसला. पडद्याच्या डाव्या कोपऱ्यातलं बटण दाबलं. त्या काळी सगळीकडे चालणाऱ्या त्या अमेरिकन प्रणालीत तिथे एक यादी यायची. शेवटी कोणकोणत्या फायली उघडल्या, त्यांची. कोणी मागितलेली नसताना ती आपोआप बनत राहायची. यादीत सगळ्यात वर त्या बाईचं नाव होतं, आणि नावापुढे टेस्टचं. स्टोअरकीपर तिच्याच गावचा निघाला.

आठ दिवसांत पोरांच्या आईबापांनी आश्रमशाळेत भांडण काढलं की तिच्या हातचं खाणार नाही. दिराने तिची भांडी बाहेर ठेवली. ती लॅबमध्ये आली तेव्हा मी प्रिंटरची रिबन बदलत होतो. ताई मला बाहेर जा म्हणाल्या, पण ती बाई आधीच बोलायला लागली होती.

"ताई, मी कुनाला बोलले न्हाई. सख्ख्या बहिनीला म्हाईत न्हाई माज्या. तुमालाच ठावं हुतं."

आवाजात राग नव्हता. नुसती चौकशी केल्यासारखं ती विचारत होती. 'मी सांगितलं नाही', एवढं तरी ताईंना म्हणता आलं असतं. त्या म्हणाल्या नाहीत.

ती गेल्यावर त्यांनी मला खुर्चीवर बसवलं. "कुठून कळलं ते शोधा."

मला शोधावं लागलं नाही. मी बटण दाबून यादी दाखवली.

"हे तुम्हाला माहीत होतं?"

"हो. सोय असते ती ताई. परत फाईल उघडायला."

"कोणाची सोय?"

मी यादी पुसली. पासवर्डही घालून दिला. दोन दिवसांनी त्यांचा दुकानात फोन आला. पासवर्ड विचारणारी चौकट येते तेव्हा कोपऱ्यातली एस्केपची कळ दाबली की चौकट निघून जाते आणि सगळं उघडतं, असं त्यांना आढळलं होतं. "दार लावलंय, पण ते कागदाचं आहे," त्या म्हणाल्या. मलाही हे ठाऊक होतं.

मग त्या वाचायला लागल्या. नगरच्या स्टँडवर कॉम्प्युटरची मासिकं मिळायची, ती आणायच्या. त्यातल्या एका लेखात होतं म्हणे की, त्या अमेरिकन प्रणालीची नोंदणी करताना यंत्राची ओळख न विचारता कंपनीकडे पाठवली जाते. खरंखोटं मला माहीत नव्हतं. एका अंकासोबत लिनक्स नावाच्या दुसऱ्या, फुकट प्रणालीची सीडी आली होती. ती माझ्यासमोर ठेवून म्हणाल्या, "हे बसवा."

मी टाळाटाळ केली. हे शिकलेल्या पोरांचं खूळ आहे, यात मराठी छापता येणार नाही, काळ्या पडद्यावर नुसती अक्षरं, तुम्हाला जमायचं नाही. त्यांनी ऐकून घेतलं.

"त्या पहिल्याच्या पोटात काय आहे, कोणाला बघू देतात का?"

"नाही. कंपनीचं असतं ते."

"आणि ह्याच्या?"

"हे उघडं असतं. कोणीही वाचावं."

"मला वाचता येणार नाही. पण ज्याला येतं तो वाचेल आणि बोलेल. तेवढं पुरे."

तीन रविवार गेले. पहिल्या रविवारी पडदाच लागेना, दुसऱ्या रविवारी प्रिंटर बोलेना. तिसऱ्या रविवारी चाललं. ताईंनी दोनशे पानी वहीत सगळ्या आज्ञा देवनागरीत लिहून घेतल्या. 'एलएस' म्हणजे काय आहे ते बघणे. 'सीडी' म्हणजे दुसऱ्या खोलीत जाणे. फाईलला कुलूप घालायची आज्ञा होती, तिच्यापुढे आकडा द्यावा लागायचा. त्यांनी लिहिलं होतं, '६०० म्हणजे फक्त मी.' खाली दोनदा रेघ मारली होती.

नावांऐवजी नंबर आले. कोणता नंबर कोणाचा, त्याची एकच फाईल होती, सहाशेच्या कुलपात. तीन महिने त्या रोज दुपारी वही मांडीवर घेऊन बसत. चुकल्या की 'च्' करायच्या आणि परत पहिल्यापासून. मी कितीतरी पदवीधरांना शिकवलं, असं शिकणारं माणूस पुन्हा पाहिलं नाही.

आणि माणसं यायला लागली. पाथर्डीहून, जामखेडहून. बायका बायकांना सांगायच्या, तिथं नाव लिवत न्हाईत, नंबर देत्यात. बाकावर जागा पुरायची नाही. वर्ष असंच गेलं असावं. शेवगावची ती बाई मात्र पुन्हा आली नाही. ताईंनी दोनदा निरोप धाडला. ती गावात नव्हती, कुठे गेली कोणी सांगितलं नाही.

संस्थेचा सचिव तसा वाईट माणूस नव्हता. शाळा त्यानेच उभी केली होती. त्याला वाटायचं की संस्थेच्या भिंतींत जे आहे ते आपल्याला ठाऊक असायला हवं. एक दिवस तो लॅबमध्ये आला. आपल्या भागात त्या टेस्टमध्ये निघालेले कोण कोण आहेत, जरा यादी द्या म्हणाला.

"कशासाठी साहेब?"

"कशासाठी म्हणजे? आपल्या वसतिगृहात कोणाची पोरं आहेत, स्वयंपाकाला कोण आहे, कळायला नको?"

"लेखी द्या. डॉक्टरांची सही आणा. मग बघू."

सचिव स्वतः खुर्चीवर बसला. कळा दाबून पाहिल्या. एस्केप चार-पाच वेळा दाबली. काही उघडलं नाही. चपराशी दारात उभा राहून बघत होता, ते त्याला जास्त लागलं असावं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मला बोलावणं आलं. "ते काढा," सचिव म्हणाला. "सगळ्यांकडे असतं ते टाका. आणि आधी आतली यादी छापून द्या. इंजिनिअर आहात ना?"

संस्थेचे बाकीचे सगळे कॉम्प्युटर माझ्या डोळ्यांपुढे आले. तुमच्याही आले असते, असं म्हणून मी पुष्कळ वर्षं स्वतःची समजूत घातली.

एक गोष्ट मी ताईंना कधी सांगितली नव्हती. यंत्र ज्याच्या हातात आहे, त्याला ते कुलूप काढता येतं. कॉम्प्युटर बंद करून चालू करायचा, सुरुवातीलाच एक शब्द टाईप करायचा. मग तो पासवर्ड विचारत नाही. मी तेच केलं. यादी प्रिंटरवर पाठवली. सुयांचा प्रिंटर होता, एकेक ओळ करकरत उमटत गेली. ताई दाराशी उभ्या होत्या. कधी आल्या, मला कळलं नाही.

"किती वेळ लागला?" त्यांनी विचारलं.

"दहा मिनिटं."

"मला शिकायला तीन महिने लागले."

त्यांनी वही टेबलावरून उचलली, पर्समध्ये घातली आणि गेल्या. त्या महिन्यात त्यांना पत्र देण्यात आलं की संस्थेच्या कामात असहकार केल्यामुळे सेवेची गरज उरलेली नाही. पत्र ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर टाईप झालं होतं. तो मीच बसवून दिलेला.

मी कर्जतला पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही. पुढे कोणीतरी म्हणालं, त्या लातूरकडे एका दवाखान्यात लागल्या. मी गेलो नाही. जाऊन काय बोलणार होतो, ते ठरवता ठरवता वर्षं गेली.

यादीचं पुढे काय झालं, मी विचारलं नाही. वसतिगृहातून दोन भावंडांना घरी पाठवलं, एवढं कानावर आलं.

पुढच्या उन्हाळ्यात प्रिंटर बिघडला म्हणून मला पुन्हा बोलावलं. लॅबमध्ये नवा मुलगा होता. कामाला बरा होता. बाहेरचा बाक रिकामा होता. मी सहज विचारलं, ती टेस्ट होत नाही का आता.

"होते की. पण कोणी येतच नाही."

प्रिंटर दुरुस्त झाला. चाचणी म्हणून काहीतरी छापायचं होतं, तर सचिवानेच संस्थेच्या वार्षिक अहवालाचा कागद काढायला सांगितला. करकरत ओळी उमटल्या. आरोग्य विभाग. त्याखाली लिहिलं होतं की संस्थेने केलेल्या जनजागृतीमुळे आमच्या परिसरात यंदा या आजाराचा एकही नवीन रुग्ण आढळलेला नाही.

"छपाई स्वच्छ आली," सचिव म्हणाला.

मी कडेच्या भोकांच्या पट्ट्या फाडल्या आणि कागद त्याच्या हातात दिला.