काळ्या दगडावरचा पांढरा पट्टा

ऑफिसात तिला सगळे सावलीताई म्हणत. अंतराळयानाने पाठवलेले लघुग्रहाचे फोटो घ्यायचे आणि त्याचा कुठला भाग किती ऊन परत फेकतो ते मोजायचं, हे तिचं काम. नऊ वर्षं ती एकाच काळ्याकुट्ट दगडावर डोळे फोडत होती. शेजाऱ्यांना हे समजावताना बाबांच्या नाकी नऊ येत.

मग त्या दगडावर तिला एक पांढुरका पट्टा सापडला, आजूबाजूपेक्षा दीडपट उजळ. म्हणजे तिथली माती निराळी, असं तिने लिहिलं आणि ऑफिसात तिचा भाव एकदम वधारला. शुक्रवारी हा शोध तिच्या नावानिशी जाहीर व्हायचा होता. बाबा जन्मभर घरं रंगवणारे. त्यांनी न्हाव्यापासून कंपाउंडरपर्यंत कुणालाही ही बातमी सांगायचं सोडलं नव्हतं.

बुधवारी बाबांनी हौसेने स्वयंपाकघराची भिंत रंगवली. खिडकीपाशी उभं राहून ती म्हणाली, "झकास झालीय की!"

"ऊन पाठीवर घेऊन बघतेयस, झकासच दिसणार." बाबांनी बॅटरी भिंतीला टेकवून आडवी धरली. बारीक खड्ड्यांच्या सावल्या लगेच उठून दिसल्या. "आडवा उजेड टाकून बघितल्याशिवाय मी कुठल्या मालकाला किल्ली दिली नाही. खोट त्याच्या आधी आपल्याला दिसली पाहिजे."

तिला आपला पट्टा आठवला. पट्ट्याच्या सगळ्या फोटोंत, आणि फक्त त्यांतच, सूर्य यानाच्या अगदी पाठीशी होता. तेव्हा खड्यांच्या सावल्या खड्यांमागेच लपतात आणि जमीन आहे त्याहून उजळ दिसते. त्याची वजावट तिने केली होती, पण अंदाजपंचे. बाजूच्या उन्हातले फोटो अंधूक म्हणून तिनेच बाद केले होते.

गुरुवारी सकाळी तिने ते उघडले. चौथ्या फोटोत तीच जागा सापडली. तीनदा मोजलं. बाकीच्या दगडाइतकीच काळी! हे फोटो दुसरं कुणी उघडणार नाही, असंही तिच्या मनात येऊन गेलं. मग ती उठली आणि तिने विभागप्रमुख बाईंच्या दारावर टकटक केली.

बाईंनी तो फोटो स्वतः मोजून बघितला. "उद्याचं रद्द करते. कारण काय लिहू?"

"माझी चूक."

घरी खुर्चीच्या पाठीवर बाबांचा इस्त्रीचा शर्ट होता, शुक्रवारसाठी काढलेला. तो बघून तिला रडूच कोसळलं. हुंदके देत तिने सगळं सांगितलं.

"म्हणजे पट्टा नाहीच?"

"नाही, बाबा. सगळा काळाच आहे."

"कुणी पकडलं?"

"मीच."

बाबांनी तो शर्ट चढवला, बटणं लावली आणि चपला शोधू लागले.

"आता कुठे निघालात?"

"न्हाव्याकडे. त्याला चुकीचं सांगून ठेवलंय ना मी. आता बरोबर काय ते सांगतो. आणि ते कुणी शोधून काढलं, तेही."