बाराच्या आत

आम्ही मुहूर्त मानत नाही. माझ्या लग्नात कुणी पत्रिका पाहिली नाही, घर घेताना वार पाहिला नाही, आणि इलेक्ट्रिक गाडी आणली ती ऑफिसला सुट्टी होती त्या दिवशी. तरीही त्या रविवारी लोणावळ्यातल्या एका हॉटेलच्या मागच्या आवारात मी सारखी घड्याळ बघत होते आणि घड्याळाला शिव्या घालत होते. मनातल्या मनात, कारण गाडीत मागच्या सीटवर भंतेजी बसले होते.

आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, जाऊन वर्ष झालं होतं. लोणावळ्याच्या पुढे, कान्हे स्टेशनाजवळच्या आमच्या गावी त्यांच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता. भंतेजींना भोजनदान द्यायचं आणि त्याचं पुण्य आबांच्या नावे करायचं, एवढंच आईला हवं होतं. बौद्ध भिक्खू दुपारी बारानंतर जेवत नाहीत. म्हणजे बाराच्या आत भंतेजींचं जेवण उरकायला हवं होतं. ते पनवेलकडच्या विहारात राहायचे. त्यांना माझ्या गाडीतून आणते, असं मीच सगळ्या भावकीसमोर मोठ्या ऐटीत सांगितलं होतं.

आई इतकी का अडून बसली होती ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं, पण त्यावर कुणी बोलत नसे. ऑपरेशनच्या दिवशी आबांना सकाळपासून उपाशी ठेवलं होतं, कारण पोट रिकामं हवं. सकाळचं ऑपरेशन दुपारवर गेलं, दुपारचं संध्याकाळवर. मधे अपघाताचे पेशंट आले, त्यांना आधी घ्यावंच लागलं. आबा जन्मभर रेल्वेच्या रुळांवर राबलेले, भूक त्यांना सोसायची नाही. ते आईला म्हणत होते, "तांदळाची भाकरी आन पावट्याची आमटी आनतीस का गं?" आणि आई सांगत होती, "आता नंबर लागंलच. मग आनते." दिवे लागल्यावर त्यांचा नंबर लागला. आत गेलेले आबा परत आलेच नाहीत. "मीच त्येंला उपाशी धाडलं," असं आई एकदाच म्हणाली, आणि त्या दिवसापासून तिनं भाकरी सोडली. वर्षभर ती नुसत्या भातावर होती.

तर हे सगळं डोक्यात घेऊन मी घाट चढले होते. आदल्या रात्री आमच्या सोसायटीची वीज गेली, त्यामुळे गाडी अर्धवटच चार्ज झाली. नकाशावरचं अंतर बघून म्हटलं, पुरेल. घाट चढायला लागलो तसा पडद्यावरचा आकडा भराभरा उतरू लागला. मी एसी बंद केला. नवरा शेजारी बसून काच खाली करत म्हणाला, "छान, आता घाम गाळून चालवू गाडी." खंडाळ्यात पोचलो तेव्हा बॅटरी नावाला उरली होती. लागून आलेल्या सुट्ट्या, त्यामुळे लोणावळ्यापासून कार्ल्यापर्यंत जुना रस्ता तुंबलेला. त्या गर्दीत गाडी मधेच बंद पडली असती तर भंतेजींना घेऊन मी कुठे उभी राहिले असते? म्हणून चार्जिंगला वळलो.

तिथे दोन मशीन होती. एकावर 'बंद आहे' असा कागद चिकटवलेला. दुसऱ्याला एक पांढरी गाडी लागलेली, तिच्यामागे एक निळी, मग आम्ही. निळ्या गाडीतलं जोडपं काचा लावून झोपलं होतं. पांढऱ्या गाडीत तर कुणीच नव्हतं.

"मालक जेवायला बसलेत, मॅडम," वॉचमन म्हणाला.

"मग चार्जिंगची गन काढून लावा ना पुढच्याला."

"ती लॉक असते. त्यांनी त्यांच्या फोनवरून बंद केल्याशिवाय निघत नाही."

मशीनवर आकडा दिसत होता. ऐंशीच्या पुढे गेलेला. ऐंशीनंतर चार्जिंग मुद्दाम हळू होतं, हे गाडी घेतल्यापासून मला पाठ आहे, पण ते इतकं जिवावर कधी आलं नव्हतं. मी त्या आकड्यासमोर जाऊन उभी राहिले.

"अशी बघू नकोस त्याच्याकडे," नवरा म्हणाला, "घाबरून आणखी हळू चालेल ते."

एरवी मी हसले असते. त्या दिवशी मी त्याला रिक्षा बघायला पिटाळलं आणि तरातरा हॉटेलात शिरले.

पांढऱ्या गाडीचे मालक साठीचे सज्जन गृहस्थ निघाले. समोर थाळी, शेजारी त्यांची थकलेली आई. मी सांगितलं, आम्हाला फार घाई आहे, ऐंशीच्या वर झालंय, आता सोडाल का? ते म्हणाले, "ताई, आम्हाला कोल्हापूर गाठायचंय. मागच्या खेपेला वाटेत दोन ठिकाणी मशीन बंद होती, आईला घेऊन रात्र रस्त्यावर काढली. पूर्ण होऊ द्या." मग जरा मवाळपणे, "मुहूर्त गाठायचाय का काही?"

"आमच्यात मुहूर्त नसतो," मी फटकन म्हणाले. आणि मग त्यांना नेमकं काय सांगावं हे मला कळेना. एका भिक्खूला जेवायचंय? माझ्या आईनं वर्षभर भाकरी खाल्ली नाही? "वडिलांचा वर्षाचा कार्यक्रम आहे," एवढंच म्हणून मी बाहेर आले. त्यांचा राग आला होता, आणि त्यांचंही चुकत नव्हतं म्हणून जास्तच आला होता.

नवरा रिकाम्या हातानं परत आला. सुट्टीच्या दिवशी पॉइंट दाखवायची गिऱ्हाइकं सोडून त्या गर्दीत कान्ह्याला यायला एकही रिक्षावाला तयार नव्हता. भंतेजी गाडीतून उतरून कडुलिंबाच्या सावलीत उभे होते. मी हात जोडून म्हणाले, "भंतेजी, चुकलं माझं. निदान इथं काहीतरी घेता का? हॉटेलात सगळं मिळतं."

"मला एक दिवस उपास घडला तर काही बिघडत नाही," ते म्हणाले. "तुमच्या आईंना फोन करा. त्या वाट बघत असतील."

नेमका तोच फोन मी टाळत होते. आईकडे मोबाइल नाही, म्हणून चुलत्यांच्या फोनवर लावला. मागून मांडवातली गडबड ऐकू येत होती.

"कुटंवर आलाय?" आईनं विचारलं.

मी सगळं सांगितलं. आणि शेवटी, तिला धीर द्यायचा म्हणून, बोलून गेले, "पण तू काळजी करू नकोस. आता नंबर लागेलच."

मी काय बोलले ते बोलून झाल्यावर माझ्या लक्षात आलं.

"ह्ये मी ऐकलंया," आई म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "येक डाव ऐकून बसले. आता न्हाई बसायची. तुमी तितंच थांबा. लोणावळ्याला जानारी गाडी वडगावात आली आसंल, ती धरते मी."

"आई, एकटी कशी येशील? मांडवात एवढी माणसं..."

"मान्सं थांबत्यात. हाटेलाचं नाव काय ते ह्यास्नी सांग." आणि तिनं फोन चुलत्यांकडे दिला.

त्यानंतरचा वेळ मी कसा काढला ते मलाच माहीत. आई निघाली होती आणि आता तिला गाठायचा काही उपाय नव्हता. गाडी मिळाली का, चढताना पडली तर नाही ना, स्टेशनबाहेर रिक्षा मिळेल का? आबा रेल्वेत असल्यामुळे तिला गाड्यांच्या वेळा तोंडपाठ, पण लोकलला उशीर झाला तर ती बिचारी काय करणार? नवरा स्टेशनकडे धावला. मी फाटकाशी. आत मशीन आपला एकेक आकडा पुढे सरकवत होतं, आणि माझं आता तिकडे लक्षही नव्हतं. बारा वाजत आले. मला रडू फुटायच्या बेतात होतं आणि स्वतःचा इतका संताप आला होता की कुणी हटकलं असतं तर मी भांडलेच असते.

तेवढ्यात एक रिक्षा आत वळली. पुढे ड्रायव्हरशेजारी अंग चोरून बसलेला नवरा, मागे पांढऱ्या साडीत आई, आणि तिच्या मांडीवर फडक्यात बांधलेलं आबांचं ताट आणि डबा.

ती उतरली आणि थेट भंतेजींकडे गेली. वॉचमननं त्याची खुर्ची दिली. भंतेजींच्या हातावर मी पाणी घातलं. आईनं वाकून वंदन केलं, ताट वाढलं आणि दोन्ही हातांनी त्यांच्या हातात दिलं. तांदळाची भाकरी, पावट्याची आमटी, लसणाची चटणी. मी घड्याळ पाहिलं. बारा वाजायला वीस मिनिटं होती, जेमतेम पुरतील इतकी.

भंतेजी जेवू लागले. मी आणि आई समोर जमिनीवर बसलो; आई त्यांच्या प्रत्येक घासाकडे बघत होती. एवढ्यात ते कोल्हापूरचे गृहस्थ बाहेर आले, थबकले, चपला काढून जरा वेळ उभे राहिले आणि मग आवाज न करता गाडी सोडवून निघून गेले. वॉचमननं निळ्या गाडीच्या काचेवर टकटक करून आमची घाई सांगितली. ती माणसंही बाहेर आली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "तुम्ही घ्या आधी. तुम्हाला घाई आहे."

"नंबर आला, मॅडम," वॉचमन म्हणाला.

मी उठले तशी आईनं माझा पदर धरला. "बस खाली. ह्येंचं हू दे."

भंतेजींनी ताट स्वच्छ केलं. आई हात जोडून म्हणाली, "प्वाट भरलं का?"

"भरलं, आई. अगदी भरलं."

आईनं तोंडाला पदर लावला. भंतेजींनी तिथेच, दोन मशीनच्या मधे, आबांच्या नावानं पुण्यानुमोदनाची गाथा म्हटली.

निळ्या गाडीवाल्यांना मी म्हटलं, तुम्हीच लावा, आम्हाला आता घाई नाही. मागे वळून बघते तर आई माझ्या गाडीच्या उघड्या दारात, पाय बाहेर सोडून बसली होती. मांडीवर डबा. डब्यात एक भाकरी उरली होती. तिनं ती मोडली, एक तुकडा तोंडात घातला, आणि चावता चावता म्हणाली, "चटणी हाय का बग गं जराशी."