सासूबाई झोपेत चिनी बोलल्या

खरं सांगते, इथले गूढ अनुभव मी आजवर चहासोबत टाइमपास म्हणून वाचायचे आणि हसायचे. फार्मा प्लँटमध्ये क्वालिटीचं काम केलेली बाई मी; पुरावा नसेल तर विषय संपला. त्यामुळे हे लिहिताना मलाच कसंतरी होतंय...

२०२१चा उन्हाळा. आम्ही आयर्लंडमध्ये, डून लेरीत राहतो. चीनमधल्या एका युनिव्हर्सिटीत, परदेशी विद्यार्थ्यांसाठी असलेल्या चिनी भाषा आणि संस्कृतीच्या एमएला मला ॲडमिशन मिळाली होती. पण सीमा बंद, म्हणून सगळं ऑनलाइन, किचनच्या टेबलावरून. वू मॅडमचा तास आमच्या सकाळी असायचा. सासूबाई साताऱ्याकडच्या, विमानं बंद झाल्याने इथेच अडकलेल्या. मी त्यांना आईच म्हणते. पहाटे उठायची सवय, त्यामुळे माझ्या तासाला सोफ्यावर त्यांचा हमखास डोळा लागायचा.

त्या दिवशी मी धडा वाचून दाखवत होते. मागून आई झोपेत काहीतरी बोलल्या. त्या नेहमीच बरळतात, मी लक्ष दिलं नाही. पण स्क्रीनवर वू मॅडम थबकल्या. घरात कोण आहे, त्यांनी विचारलं. सासूबाई, भारतातून आल्यात, मी म्हटलं. लॅपटॉप त्यांच्याजवळ न्या, म्हणाल्या. नेला. आई पुन्हा बोलल्या — डोळे मिटलेले, आवाज त्यांचाच, पण चढउतार... मला एक शब्द कळला नाही.

वू मॅडमचा चेहरा उतरला.

"ही माझ्या गावची बोली आहे. त्या म्हणतायत, पाणी आत आलंय, म्हातारीला माडीवर न्या."

आणि तास अर्धवट सोडून त्या गेल्या.

गावी त्यांची आई एकटी राहायची, खालच्या खोलीत, गुडघ्यांनी अधू. मॅडमनी शेजाऱ्यांना फोन लावला. पाऊस होता, पण पाणी कुठेच नव्हतं. शेजाऱ्यांनी कुरकुरत म्हातारीला उचलून वर नेलं. तिकडे उजाडायच्या आत नदी गावात शिरली, खालची खोली पार बुडाली. पुढच्या तासाला मॅडमनी हे रडत सांगितलं.

आईंना सांगितलं तर म्हणाल्या, "मला कुटनं येतीय चिनी? सपान बी पडलं न्हाई."

नवरा तेव्हा इथल्याच चेरीवूड भागातल्या ऑफिसचं काम घरूनच करायचा. तो म्हणाला, तुझे धडे ऐकून ऐकून काहीतरी बोलली असेल, बाकी योगायोग. पण मी शिकत होते ती प्रमाण भाषा... ती बोली मला आजही येत नाही.

विमानं सुरू झाली. आई परत जायच्या जरा आधी, एका सकाळी तोच चढउतार पुन्हा ऐकू आला. तास नव्हता. मी हात पुसून रेकॉर्डिंग लावेपर्यंत त्या कूस बदलून शांत झाल्या होत्या. वू मॅडमना लगेच फोन केला. त्यांच्याकडे सगळे ठीक होते. आठवलं तेवढं म्हणून दाखवलं, पण त्यांनाही काही उमगेना.

मग ते कोणासाठी होतं?

एमए झालं. ते वाक्य अजून कळलेलं नाही.