डुकरांवाचून अडलेलं नाव

बोर्निओच्या डोंगरातल्या केलाबित लोकांत नातवंड झालं की आजीचं नाव बदलतं, पण गावजेवण घातल्यावरच. सीना बूलननं, म्हणजे बूलनच्या आईनं, 'पुन लिआन' हे नाव कधीचं ठरवून ठेवलं होतं. जेवणाला रानडुकरं हवीत आणि डुकरं येतात ती ओकच्या फळांमागून. ओक मात्र वर्षानुवर्षं रिकामे.

"काय वहिनी, बिननावाच्या आजी!" नणंद अगान रोज चिडवायची.

त्या सकाळी कड्याखालच्या ओकपाशी सीनाचा पाय टणक फळांवरून सटकला आणि ती दाणकन बसली. बघते तर सगळी जमीन फळांनी भरलेली, काही अर्धवट चावलेली, आणि चिखलात खुरांचे ताजे ठसे! टोपली तिथंच टाकून ती घराकडे धावत सुटली.

"आली! अगं, डुकरं आली!"

अगान ओट्यावरून उडी मारूनच खाली आली. "खरंच? मग पुन लिआन, उभ्या काय राहिलात? वाट दाखवा!"

कुणाला हाक मारली म्हणून सीनानं मागं वळून पाहिलं. मग दोघी अशा हसत सुटल्या, की बंदूक घेऊन आलेला अगानचा नवरा ओरडला, "हसा नंतर! कुठल्या ओकखाली, ते आधी सांगा!"