पोशेऱ्याच्या शेतात सरकलेला नांगर

आधीच सांगून टाकतो, भुताखेतांवर माझा कधी विश्वास नव्हता. नोकरीची सगळी वर्षं जंगलात गेली. मोखाड्याकडच्या पाड्यांवर मुक्काम पडला की शेकोटीभोवती चकव्याच्या, हडळीच्या गोष्टी निघायच्या आणि मी हसून घोंगडी डोक्यावर ओढायचो. तेव्हा पुढचं वाचून कोणी मला हसलं तर राग येणार नाही. मीही हसलोच असतो... त्या दुपारी तिथे नसतो तर.

जव्हार संस्थानचा काळ. खोडाळ्याला एका लाकूडव्यापाऱ्याचा डिपो होता, तिथे मी कारकून. सागाचे ओंडके मोजायचे, त्यांवर नंबर घालायचे, संस्थानच्या जंगल ऑफिसातून पास आणायचा आणि बैलगाड्या घाटाखाली रवाना करायच्या. चार मुक्काम करून गाड्या समुद्रकाठी पोचत. त्या बंदराचं नाव लिहीत नाही. तिथल्या लोकांचा यात काहीच दोष नाही. खाडीच्या तोंडाशी शिडाची गलबतं उभी असत, त्यांत माल भरला की तो मुंबईला जाई.

वैशाख संपत आला होता. पावसाआधीची शेवटची खेप. मागच्या वेळी ओंडके गलबतात सरकले होते, म्हणून तांडेलानं, म्हणजे गलबत हाकणाऱ्या प्रमुखानं, निरोप धाडला होता की लाकूड रचणारा एक जाणता माणूस पाठवा. असा माणूस आमच्याकडे एकच होता. पोशेऱ्याच्या पाड्यावरचा लहानू. ओंडके रचण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. कितीही खाचखळग्यांतून गाडी जावो, त्यानं रचलेलं लाकूड बोटभर हलत नसे. गडी अबोल, कधी कुणाला नाही म्हणायचा नाही. समुद्र त्यानं पाहिलेला नव्हता.

निघायच्या दिवशी सकाळी त्याच्यामागोमाग त्याची बायको बुधी डिपोवर आली. एवढं अंतर चालून आलेली, पायांवर धूळ. सरळ माझ्यासमोर उभी राहिली.

"याला नको धाडू, भाऊ. नांगर सरकतोय."

"कोणाचा नांगर?"

"ठाव नाय. लोखंडाचा हाय. बैल नाय, माणूस नाय. चिखलात वढत नेतंय... धरतच नाय."

मी लहानूकडे पाहिलं. तो ओशाळून म्हणाला, "चार दिस झालं, डोळं मिटलं की हिला ह्येच दिसतं. भगताला इचारलं, त्यालाबी उमगंना." मग खाली बघत हळूच म्हणाला, "भाऊ, ही येक खेप राहू दे का?"

आयुष्यात पहिल्यांदा त्यानं माझ्याकडे काही मागितलं होतं. आणि मी काय म्हणालो? "लहानू, तू नाहीस तर रचणार कोण? आठ-दहा दिवसांचा तर प्रश्न. शेताचा नांगर काय पळून जातोय?"

गाडीवाले हसले. लहानूही हसला आणि गाडीवर चढला. बुधी हसली नाही.

खरं म्हणजे मी शिकलेला माणूस. 'गलबताने नांगर टाकला' हे वाक्य शंभरदा वाचलेलं, लिहिलेलं. बुधीला ते कुठून माहीत असणार? तिच्या लेखी नांगर म्हणजे लाकडाचा, भाताच्या खाचरातला. पण मला तर माहीत होतं! तरी ते त्या क्षणी डोक्यात आलं नाही. आज वाटतं, आलं असतं तरी मी त्याला पाठवलंच असतं.

पुढे सातव्या दिवशी पुढच्या हंगामाच्या गाड्या ठरवायला मी पोशेऱ्याला गेलो. दुपार कलली होती. आमच्याकडे वादळाचं चिन्हदेखील नव्हतं. नुसता उकाडा, पानही हलत नव्हतं. पाड्याजवळ आलो तर बुधीच्या नागलीच्या शेताच्या बांधावर सहा-सात माणसं उभी. मी पुढे होऊन पाहिलं...

शेतातली जमीन फाटत होती.

दुसरा शब्द मला सुचत नाही. नांगराचा तास पडतो तशी सरळ रेघ वरच्या अंगापासून उताराकडे, पश्चिमेला चालली होती. ढेकळं दोन्ही बाजूंना उलटत होती. बैल नाहीत, नांगर नाही, माणूस नाही, आवाजही नाही. वैशाखातली जमीन ती... पहार मारली तर पहार उलटून यावी अशी टणक. आणि त्या रेघेच्या तोंडाशी बुधी पालथी पडून, दोन्ही हात मातीत खुपसून, पायांची बोटं रोवून मागे ओढत होती. मातीबरोबर फरफटत जात होती, पण सोडत नव्हती.

"धरा रे! कुणीतरी धरा!"

कोणी हललं नाही. मीही नाही.

थोडा वेळ, पंचवीस-तीस श्वासांचा असेल, ती रेघ थांबली. अगदी थांबली. बुधीच्या मानेच्या शिरा तट्ट फुगलेल्या मला दिसत होत्या. मग तिचे हात सुटले. रेघ पुन्हा धावली, खालच्या दगडी बांधावर आदळली, चार दगड गडगडले आणि सगळं शांत झालं.

बुधी उठून बसली. बोटांची नखं निघाली होती. "सुटला," एवढंच म्हणाली. रडली नाही.

मी त्या फाटलेल्या रेघेत उतरलो. तळाशी काळा, ओला चिखल होता. आमच्या तांबड्या मातीत असला चिखल मी कधी पाहिला नव्हता. बोटावर घेऊन जिभेला लावला. खारट.

पाच दिवसांनी गाडीवाले परतले. त्यांनी सांगितलं, शेतात ती रेघ पडली त्याच दुपारी बंदरावर वादळ आलं होतं. खाडीबाहेर तीन गलबतं नांगरून उभी होती. लाटांच्या हिसड्यांनी तिन्हींचे नांगर सुटून चिखलातून ओढले जाऊ लागले. दोन गलबतं वाळूवर चढली, माणसं पाण्यातून चालत आली. तिसरं लाकडानं भरलेलं, जड. ते खडकांवर गेलं आणि फुटलं. लहानू त्यावर होता.

मी स्वतः बंदरावर गेलो. लहानू सापडला नव्हता; पुढेही सापडला नाही. गलबताच्या फळ्या किनाऱ्यावर विखुरलेल्या होत्या आणि आमच्या नंबरांचे ओंडके लाटांत लोळत होते. त्या गलबताचा तांडेल वाचला होता. म्हातारा माणूस, सारखा हात चोळत बसलेला.

"दुसरा नांगर टाकला," तो म्हणाला, "तोही सरकला. मग काय झालं देव जाणे, एकदम धरला. माझं आयुष्य दर्यावर गेलं, पण असं नाही पाहिलं. खालून कुणी हातानं धरून ठेवावं तसं गलबत उभं राहिलं. तेवढ्यात चौघांना होडीत उतरवलं. तुमचा माणूस खाली लाकडाशी होता. त्याला हाक मारली, तो शिडीपर्यंत आलाही... आणि नांगर सुटला."

 

परतल्यावर पोशेऱ्याला जाऊन बुधीला सगळं सांगितलं. लपवण्याची हिंमत झाली नाही. तिच्या बोटांना चिंध्या बांधलेल्या होत्या. तिनं नीट ऐकून घेतलं.

"शिडीपोत आलता?"

"हो."

तिनं हातांकडे पाहिलं. मग म्हणाली, "येकलीचा जोर तो किती, भाऊ."

त्यात ठपका नव्हता. असता तर बरं झालं असतं. पुढच्या पावसाळ्याआधी ती शेत सोडून कुठे मजुरीला निघून गेली, ते पाड्यावर कोणाला ठाऊक नाही. मीही डिपोची नोकरी सोडली.

तेव्हापासून कितीजणांना विचारलं. कोणी म्हणालं भूकंप, कोणी म्हणालं जमिनीखालचा झरा, एका मास्तरांनी तर मला ऊन लागलं असेल असं सांगितलं. खारट चिखलाचं विचारलं की सगळेच विषय बदलतात. घाटावर, समुद्रापासून चार मुक्काम दूर, जमीन का फाटली ते मला सांगता येत नाही. आणि ती रेघ थांबलेली असताना, पाच पावलांवर उभा असूनही मी पुढे का झालो नाही... तेही सांगता येत नाही.