डिस्क चढवणारी कांता

“कांता आली का?”

पुंडलिकरावांच्या धरमकाट्यावर रोज सकाळी पहिला आवाज व्हायचा तो हा. चहाच्या आधी, अगरबत्तीच्या आधी, तंबाखू-सुपारीच्या खर्‍याची पुडी सोडायच्याही आधी. कारंजा घाडग्याच्या हायवेवर, ढाब्यांची रांग संपते तिथे हा काटा आहे. संत्र्याच्या गाड्या तिथे तोलायला थांबतात. काट्यावर माणसं चार, पण नाव निघायचं कांताचंच. आणि खोटं कशाला सांगू, या हाकेवर बाई जगत होती.

आता तिची एक खोड सांगतो. ती वेळेवर यायची, पण थेट आत जायची नाही. रस्त्याच्या या बाजूला पानठेला आहे, त्याच्या आडोशाला पर्स सावरत उभी राहायची. एक हाक झाली की दुसरीची वाट पाहायची. दुसर्‍या हाकेला पुंडलिकरावांचा आवाज चढायचा, काट्यावर उभ्या ट्रकचा ड्रायव्हर हॉर्न द्यायचा, आणि मग ही पदर खोचत रस्ता ओलांडायची. चाल अशी, की जणू दवाखान्यातली मोठी डॉक्टरीण ऑपरेशनला निघाली. पानठेलेवाला गालातल्या गालात हसायचा. हसेना का.

हाक मारायचं कारण होतं. काल रिकामी गाडी तोलून गेलेला ड्रायव्हर आज सकाळी माल भरून येतो. कालचं वजन काट्याच्या मशीनमधल्या, म्हणजे कॉम्प्युटरमधल्या, दुसर्‍या डिस्कमध्ये असतं, आणि ती डिस्क उघडली नाही तर चिठ्ठी निघत नाही. पूर्वी एकदा मशीन व्हायरसनं पार बसलं, तेव्हा नागपूरहून एक जण आला, त्यानं त्यात लिनक्स ही दुसरी प्रणाली बसवली आणि वजनांसाठी ही वेगळी डिस्क जोडली. तो घाईत होता. म्हणाला, मशीन चालू झालं म्हणजे डिस्क चालू झाली असं नाही, ती रोज हातानं चढवावी लागेल. तेव्हा खोलीत कांताच होती. तिला त्यानं दोन ओळी शिकवल्या.

“चढवावी लागेल” हा शब्द कांताला फार आवडला. काट्यावर गाडी चढवतो ड्रायव्हर, मशीनवर डिस्क चढवते कांता. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं उमटायची, ती पासवर्ड टाकताना खांदा आडवा करायची, एंटर दाबायची, आणि मागे उभ्या माणसांकडे न बघता म्हणायची, “चढली.” मग प्रिंटर खरखरायचा आणि काटा जागा व्हायचा. बारावी झालेली, टायपिंगची परीक्षा दिलेली बाई. पण त्या घडीला तिच्यापुढे कोणाची टाप नव्हती.

नात्यातल्या लग्नात ती दुपारच्या आत पोचायची नाही. कोणी रुसलं तर म्हणायची, “मी गेली नाई तं काटाच चालू होत नाई.” एकदा तिच्या अंगात ताप असताना पुंडलिकरावांनी ऑटो पाठवून तिला बोलावून घेतलं होतं. ती गोष्ट तिच्या नवर्‍यानं, धनंजयनं, इतक्या वेळा ऐकली होती की ती सुरू झाली की तो चपला शोधू लागायचा.

थंडीत संत्र्याचा हंगाम भरात आला, गाड्या वाढल्या, आणि पुंडलिकरावांनी एक मुलगी कामावर घेतली. नंदिनी. तळेगावहून बसनं यायची, बी.सी.ए. झालेली. कांतानं तिला दारातून आत येताना पाहिलं आणि आपली खुर्ची मशीनच्या आणखी जवळ ओढली. कारण काहीच नव्हतं. पोरगी साधी, आवाज मऊ, डब्यातली भाजी आधी दुसर्‍याला द्यायची. पण कीबोर्डकडे न बघता टाइप करायची. कांताला तिचा हेवा वाटला. साधासरळ, पोटातून उठणारा हेवा. तिची बोटं चालायला लागली की कांता उगाच स्टेपलर शोधायची.

तरी पासवर्ड हातचा होता तोवर ठीक होतं. एक दिवस पुंडलिकरावांनी तोही नंदिनीला सांगायला लावला, काही अडलं तर असावा म्हणून. कांतानं तो इतका हळू सांगितला की पोरीला दोनदा विचारावा लागला. आणि दुसर्‍याच दिवशी, कांता त्या दोन ओळी टाइप करत असताना, ही मागून म्हणाली, “ताई, हे रोजरोज हातानं काऊन करता? एक ओळ लिहून ठेवली का मशीन सुरू होताच डिस्क आपोआप चढते.”

‘आपोआप’ हा शब्द नेमका पुंडलिकरावांच्या कानावर पडला. त्यांनी खर्‍याची गुळणी सावरत फर्मावलं, मग करून टाक नं.

नंदिनीनं केलं, आणि वर शेजारी खुर्ची ओढून कांताला समजावूनही सांगितलं. एफएसटॅब नावाची एक फाइल असते. मशीन उठलं की ती वाचतं आणि कोणती डिस्क कुठे चढवायची ते त्यातून बघतं. डिस्कचं नाव लिहायचं नाही, कारण दुसरं काही जोडलेलं असलं तर नाव बदलू शकतं. तिचा लांबलचक नंबर लिहायचा, तो बदलत नाही. शेवटी ‘नोफेल’ असा शब्द टाकायचा, म्हणजे डिस्क सापडली नाही तरी मशीन अडून बसत नाही, पुढे जातं. आणि मशीन बंद करायच्या आधी एक कमांड देऊन ओळ बरोबर आहे की नाही ते तपासायचं. कांता हूं हूं करत होती. एकेक गोष्ट तिच्या डोक्यात चोख बसत होती आणि एकेक गोष्ट तिला डाचत होती.

दुसर्‍या दिवशी सकाळी ती पानठेल्याच्या आडोशाला उभी राहिली. हाक आली नाही. तिला वाटलं, पुंडलिकराव यायचे असतील. तेवढ्यात आतून प्रिंटरची खरखर ऐकू आली. एक ट्रक काट्यावरून उतरला, दुसरा चढला, त्याचीही चिठ्ठी निघाली. पानठेलेवाल्यानं कात लावता लावता तिच्याकडे पाहिलं आणि या वेळी तो हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं. शेवटी ती आपली आपणच आत गेली. पुंडलिकराव म्हणाले, “आली व्हय? बस.”

बस! एवढ्या वर्षांनी ‘बस’.

घरी धनंजय म्हणाला, बरंच झालं की, आता आरामात जात जा, माझा डबा तरी धड मिळेल. कांताचा नुसता तिळपापड झाला. “तुमाले काय समजते त्यातलं?” म्हणाली आणि भाकरी अशी थापली की शेजारची आनंदाबाई भिंतीपलीकडून विचारू लागली, काय झालं म्हणून. कांताला रात्रंदिवस एकच दिसायचं. मशीन उठतंय, स्वतःच फाइल वाचतंय, स्वतःच डिस्क चढवतंय, आणि कोणाला कोणाची गरज नाही. आणि हे केलं कोणी? काल आलेल्या पोरीनं, एका ओळीत.

संध्याकाळी नंदिनी बससाठी निघून जायची आणि कुलूप लावून किल्ली पानठेल्यावर ठेवायचं काम कांताकडे असायचं. असंच एका संध्याकाळी तिनं ती फाइल उघडली आणि नंदिनीच्या ओळीच्या तोंडाशी एक हॅश लावला. आडव्या-उभ्या रेघांची ती बारकी जाळी. तो हॅश असला की मशीन ती ओळ ओलांडून पुढे जातं. ओळ पुसली नाही, मोडली नाही, फक्त तिचं तोंड बंद केलं. कांताला काही वाईटबिईट वाटलं नाही. तिला मजा वाटली. घरी जाताना तिनं धनंजयसाठी जिलेबी घेतली.

सकाळी ती पानठेल्यामागे उभी. आणि आली हाक!

“अरे, डिस्क नाई चढली! कांता आली का?”

अहाहा. कांतानं डोळे मिटले. आता एक झाली, दुसरी होऊ दे. इथंच बाईचा घात झाला बघा. पहिल्या हाकेला धावली असती तर सगळं मनासारखं झालं असतं. पण सवय ती सवय. ती दुसर्‍या हाकेची वाट पाहत राहिली आणि आतून नंदिनीचा मऊ आवाज आला, “थांबा काका, मी चढवतो.” लगेच प्रिंटर खरखरला. कांता धापा टाकत दारात पोचली तेव्हा ड्रायव्हर चिठ्ठी घेऊन बाहेर पडत होता आणि पुंडलिकराव म्हणत होते, बरं झालं बाप्पा, नंदिनी होती.

कांताला वाटलं होतं, पोरगी हॅश शोधून काढेल, बोंबाबोंब करेल. तिनं तसं काही केलं नाही. म्हणाली, काहीतरी गडबड दिसते, तोवर हातानं चढवत जाऊ. कांता मनात म्हणाली, बघा, एवढं शिकली आणि एक हॅश दिसत नाही. तेवढंच समाधान.

पण ते फार टिकलं नाही. आता रोज सकाळी डिस्क हातानं चढवायची, म्हणजे जी आधी येईल ती चढवणार. कांतानं पानठेल्यामागे थांबणं सोडलं. लवकर निघू लागली. नंदिनीनं त्याआधीची बस धरली. कांता आणखी लवकर निघाली, डबा न करता. धनंजय शेतकी दुकानात कामाला होता, तो तिथेच वडापाव मागवून दिवस काढू लागला. तरी ही पोचावी तर ती तिथे बसलेली, मफलर गुंडाळून, काळ्या पडद्यापुढे, आणि मान वळवून म्हणणार, “चढली, ताई.” कांताचाच शब्द, कांताच्याच थाटात. अंगाची लाही लाही होत होती. आणि एका सकाळी कुलूप उघडता उघडता पुंडलिकराव ओरडले, तेही अगदी सहज.

“नंदिनी आली का?”

कांता तेव्हा त्यांच्या मागेच उभी होती.

मग एक दिवस नंदिनी आली नाही. अमरावतीला कसलीशी परीक्षा होती. कांतानं त्या दिवशी ठेवणीतली साडी नेसली. सगळ्यांच्या आधी आली, दोन ओळी टाइप केल्या, एंटर दाबला, आणि खुर्चीत ताठ बसून राहिली. पहिल्या गाडीची चिठ्ठी काढली, दुसरीची काढली. पुंडलिकराव आले. चिठ्ठ्या पाहिल्या. इकडे तिकडे पाहिलं. त्यांच्या मनात काही नव्हतं हो, माणूस वाईट नाही. पण ते म्हणाले, “नंदिनी तं सुटीवर आहे नं? मंग डिस्क कोणं चढवली?”

कांतानं पदर सारखा केला आणि पुढची गाडी घेतली. दिवसभर तिनं मान खाली घालून चिठ्ठ्या काढल्या. तिला नंदिनीचा राग आला, पुंडलिकरावांचा आला, त्या नागपूरच्या माणसाचा आला आणि जिलेबीचासुद्धा आला. आणि दुपार कलता कलता तिच्या ध्यानात आलं, की त्या पोरीला त्या खुर्चीवर बसवलं कोणी? आपणच. आपण हॅश लावला नसता तर सकाळी कोणाचंच नाव निघालं नसतं. ना आपलं, ना तिचं.

ना तिचं. हा विचार तिला एकदम गोड लागला. आपल्याला हाक नाही ना? मग कोणालाच नको.

संध्याकाळी गाड्या थांबल्यावर तिनं फाइल उघडली. हॅश काढला. नंबर एकेक अक्षर जुळवून पाहिला. चढलेली डिस्क आधी उतरवली, मग तपासायची कमांड दिली. मशीननं काही कुरकुर केली नाही आणि कालची वजनं समोर आली. मशीन बंद करून पुन्हा चालू केलं. त्यानं फाइल वाचली, डिस्क चढवली, आणि कांताकडे ढुंकूनही पाहिलं नाही. कांताला हवं होतं तसंच झालं. तरी त्या संध्याकाळी तिनं जिलेबी घेतली नाही.

दुसर्‍या दिवशी दोघी जवळजवळ बरोबरच पोचल्या. नंदिनी खुर्चीत बसली, पहिली ओळ टाइप करायला लागली आणि थांबली. डिस्क आधीच चढलेली होती. तिनं कांताकडे पाहिलं.

“ताई, हॅश काढला का तुमी?”

“कोणता हॅश?”

“जो तुमीच लावलता.”

कांताच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. नाकारावं तर पोरीच्या आवाजात ना राग, ना टोमणा. “तुले कधीपासून मालूम?”

“पहिल्याच दिवशी दिसला.”

“मंग काढून काऊन नाई टाकला?”

नंदिनीनं मफलर सोडला, पुन्हा गुंडाळला. म्हणाली, “घरी मले सारे ‘ए पोरी’ म्हणतात, ताई. कॉलेजात रोल नंबर होता. इथं काकानं त्या दिवशी नाव घेतलं, मंग रोज सकाळी इचारू लागले, नंदिनी आली का. मले वाटलं, राहू द्या तो हॅश.”

कांतानं तिच्याकडे नीट पाहिलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच, असं म्हणायला हरकत नाही. त्या हाकेची चव कांताइतकी कोणाला ठाऊक होती? आणि एवढं कळूनही, हिला ती हाक इतके दिवस मिळाली, हे आतून टोचत होतंच. हॅश परत लावावा का, असं तिच्या मनात येऊन गेलं. नंदिनीच्याही मनात तेच आलं असावं, कारण दोघींची नजर एकदमच कीबोर्डकडे गेली.

तेवढ्यात बाहेर एक ट्रक घरघरत काट्यावर चढला, नंदिनीनं बटण दाबलं आणि प्रिंटर खरखरला. पुंडलिकराव आत आले. चिठ्ठी निघालेली पाहिली, समाधानानं मान हलवली, खुर्चीत टेकले. आता कोणाचं नाव निघतं म्हणून दोघी ताठ बसल्या.

“चाय आली का?” पुंडलिकरावांनी विचारलं.

दोघींपैकी कोणीच उठलं नाही.