आबांना न पटलेली लीग

ज्या जीपने मी राणीसावरगाव सोडलं, तिच्या नंबर प्लेटचा आबांनी मोबाईलमध्ये फोटो काढून घेतला. जीप माझ्या सख्ख्या मामाची होती. मामा खाली उतरून म्हणाला, "दाजी, मीच हाय की." आबा फोटो नीट आलाय का ते डोळे बारीक करून बघत होते. "तू हाईस ते दिसायलंय. परभणीच्या पुढं कोण हाय ते कुटं ठावं हाय?"

मायनं मागच्या सीटवर दशम्यांची पिशवी ठेवली, माझ्या गालावरून हात फिरवला आणि बाजूला सरकली. आबा मात्र जीप चालू झाली तरी खिडकीला धरून चालत राहिले. नुसते माझ्याकडे बघत होते. बाजारात विकलेल्या जनावराकडे ते असेच बघतात, हे मला पुढं बऱ्याच वेळा आठवलं.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. गावात अजून 'मालिशवाली डॉक्टरीण' म्हणतात, मी कधी दुरुस्त करत नाही. संभाजीनगरला शिकले, पुण्यात एका दवाखान्यात कबड्डी आणि फुटबॉलवाल्या पोरांचे गुडघे-घोटे सांभाळले. कॉलेजातली एक सिनियर फिजीला होती. तिनं कळवलं की पॅसिफिकच्या बेटांवर फुटबॉलची नवीन व्यावसायिक लीग सुरू होते आहे, संघांना माणसं हवी आहेत. व्हिडिओवर दोन मुलाखती झाल्या आणि सॉलोमन बेटांवरून पत्र आलं. संघाचं नाव इथं लिहीत नाही. तेवढी सावधगिरी आता अंगात मुरली आहे.

"न बघता नोकरी देत्यात?" आबांनी विचारलं होतं. "शेळी घेताना बी माणूस तोंड उघडून दात बघतो. तुझं तर त्यांनी काईच बघितलं न्हाई."

त्यांचा शक उगाच नव्हता. आमच्या भागातला एक मुलगा कॉम्प्युटरची नोकरी म्हणून गेला आणि भलत्याच देशात तारेच्या कुंपणाआड अडकला होता. तो परत आला, पण कुणाशी बोलेनासा झाला. शिवाय आबांचं आयुष्य मेंढरांमागे गेलेलं. लांडगा, चोर, व्यापारी, यांच्यातलं कोण कधी येईल याचा अंदाज घेण्यात ज्याच्या रात्री गेल्या, त्याला भरवसा ठेवायला सांगणं म्हणजे डोळे मिटून बस म्हणण्यासारखंच.

त्यात लीगची रीत ऐकून ते जास्तच बिथरले. सगळे संघ एका देशात जमणार, तिथं काही सामने खेळणार, मग सामान गुंडाळून पुढच्या देशात. मी नकाशा काढून दाखवला. सगळीकडे निळं पाणी आणि त्यात तिळाएवढे ठिपके. आबा ठिपक्यांवरून बोट फिरवत म्हणाले, "गावं बदलत कोण फिरतंय? एक तर आपल्यासारखी मेंढरंवाली, न्हाईतर पोलिसाच्या भेवानं पळणारी. ह्यांच्यापाशी मेंढरं हायत का?"

निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी मला गोठ्याशी बोलावलं आणि एक खूण ठरवली. चंद्री नावाची आमची एक शेळी होती, पांढऱ्या कपाळाची. "अडचणीत असलीस आणि उघड बोलता येत नसलं, तर फोनवर चंद्रीचं विचार. बाकी शेळ्यांचं कायबी विचार, पण चंद्रीचं नाव उगं काढू नगं. नाव निघालं की आमी समजून घेतो." मी हसत मान हलवली. ते हसले नाहीत.

सॉलोमनच्या राजधानीत, होनियाराला उतरले तेव्हा पहिल्यांदा दिसला तो रस्त्यावरचा लाल रंग. पिंका होत्या. तिथली माणसं सुपारी खातात, चुना लावून, आपल्यासारखीच. पहिल्या व्हिडिओ कॉलला माझ्या मागून आमचा बचावपटू सॅम हसत गेला आणि आबा किंचाळायचे बाकी राहिले. "त्याच्या तोंडात रक्त हाय का?" सुपारी आहे म्हटल्यावर जरा सावरले, पण म्हणाले, "फोन फिरव. मागं कोण हाय ते समदं दाव."

दर कॉलला फोन फिरवायचा हे ठरूनच गेलं. मला राग यायचा. पण खरं सांगायचं तर मीही पहिले कितीतरी दिवस खोलीच्या दाराला आतून खुर्ची लावून झोपत होते. पासपोर्ट उशीखाली. कुणी ताटात वाढलं की आधी त्यानं खाल्लेलं बघायचं, मग आपण घास घ्यायचा. इथं एक शब्द आहे, वनटॉक. एक बोली बोलणारा तो आपला, त्याला जेवू घालायचं, त्याच्यासाठी धावायचं. मला वनटॉक कुणी नव्हता. तुमच्यापैकी जे दुबईला, जर्मनीला किंवा नुसतं पुण्याला जरी गेलेत, त्यांना हे सांगायला नको. आपली बोली कानावर पडली नाही की माणूस प्रत्येक हसण्यात खोट शोधायला लागतो.

लीगवरही माझा फार विश्वास नव्हता. कुठं मैदान भरून वाहायचं, तर कुठं अर्ध्या खुर्च्या रिकाम्या. सॅमनं लीगसाठी गोदामावरच्या राखणदाराची कायमची नोकरी सोडली होती. घोट्याला पट्टी बांधताना तो मला विचारायचा, "सिस्टर, पुढच्या वर्षी ही लीग असेल ना?" मी हो म्हणायचे. त्यालाही माझं खरं वाटत नसावं.

आबांनी मात्र एकही सामना सोडला नाही. आमची दुपार म्हणजे त्यांची सकाळ. माझा भाऊ नामदेव मोबाईल लावून द्यायचा आणि आबा मेंढरं सोडायच्या आधी ओट्यावर बसून बघायचे. चेंडूकडे नव्हे, मैदानाच्या कडेला. कुणी पडला की मी पिशवी घेऊन धावायचे, तेवढ्यात त्यांना मी दिसायचे. आमचा खेळाडू पडला की ते खूश व्हायचे, असं नामदेव सांगायचा. हळूहळू त्यांना पंचाचाही शक यायला लागला. "त्यो शिट्टीवाला कुणाचा माणूस हाय?" असं त्यांनी मला गंभीरपणे विचारलं होतं.

पापुआ न्यू गिनीत पोर्ट मोर्सबीला संघ गेला तेव्हा मला ताप भरला. अंग फणफणत होतं, डोळे उघडत नव्हते. तशात घरून फोन आला. माय काहीबाही सांगत होती, गोठ्यातून शेळ्यांच्या बेंबाटण्याचा आवाज येत होता, आणि तो ऐकता ऐकता मी म्हणाले, "माय, चंद्री व्याली का गं?"

पलीकडे मायनं आबांना हाक मारली. मग लाईन तुटली. माझा फोन तिथंच बंद पडला आणि आमच्या मॅनेजर लिझबाईंनी मला दवाखान्यात नेलं. खूण-बिण माझ्या ध्यानातही आली नाही. पुढच्या सामन्याला मैदानाच्या कडेला दुसराच माणूस पिशवी घेऊन धावला.

घरी काय झालं ते नामदेवनं नंतर सांगितलं. माझा फोन लागेना आणि सामन्यातही मी दिसेना, तेव्हा आबा तसेच उठले, चप्पलही न घालता, आणि त्याच्या मोटरसायकलवर बसून तालुक्याच्या पोलीस ठाण्यात गेले. तिथल्या हवालदारानं सगळं ऐकून विचारलं, "म्हंजे पोरीनं शेळीची खुशाली विचारली, म्हणून तक्रार?" आबा म्हणाले, "तुमी लिवून घ्या. मी हितंच बसतो." आणि बसले. संध्याकाळपर्यंत पोलिसांना आबांचाच संशय यायला लागला होता, की पोरीला विकून आता कांगावा करतोय की काय. शेवटी त्यांनी लिहून घेतलं. ते लिहिलेलं कुठून कुठून फिरत आमच्या संघाच्या मेलवर येऊन पडलं: तुमच्याकडे एक भारतीय मुलगी डांबून ठेवली आहे काय?

मी नुकती उठून बसले होते. लिझबाईंनी दार लावून घेतलं. त्या सॉलोमनमधल्याच मलैता बेटाच्या, आधी शाळेत शिकवायच्या. त्यांनी मेल दाखवण्याआधी मला विचारलं, "तुला इथं कुणी त्रास देतंय का? कुणीही असू दे. मला सांग." त्यांचा आवाज इतका हळू होता की मला त्यांच्याविषयी पहिल्यांदा माया वाटली. मग मेल वाचला आणि चंद्री आठवली. मी रडले की हसले ते सांगता येत नाही.

गोष्ट तिथं संपली असती तर विनोद झाला असता. पण ती खेळाडूंपर्यंत गेली. दुसऱ्या दिवसापासून कुणी एकटा माझ्याकडे येईना. पट्टी बांधायला येताना दोघं यायचे, दार सताड उघडं ठेवायचे, नजर भिंतीकडे. कप्तानानं अवघडून सांगितलं की काही दिवस पुरुष फिजिओ मिळाला तर बरं. माझी नोकरी जाणार हे मला दिसायला लागलं.

सॅम एकटाच सरळ बोलला. "तुझ्या घरचे आम्हाला काय समजतात? रंग बघून ठरवलं का त्यांनी?"

मी त्याला खोटं सांगू शकले असते. त्याऐवजी मी त्याला आमच्या पालाचं, मेंढरांमागं फिरताना ठोकायच्या तंबूचं सांगितलं. लहानपणी मेंढरं घेऊन आम्ही ताडकळसकडे उतरायचो तेव्हा गावात कुणाची कोंबडी हरवली की लोक आधी आमच्या पालात येत. मायची गाठोडी सोडून बघत. एकदा एका बाईनं माझ्या फ्रॉकचे खिसे उलटे केले होते. "माझ्या वडलांशी लोक जसे वागले, तसेच ते तुमच्याशी वागतायत," मी म्हणाले. "त्यांना दुसरं शिकायला मिळालंच नाही."

सॅमनं घोट्यावरची पट्टी स्वतःच आवळून घेतली. "म्हणजे त्यांना माहीत आहे कसं वाटतं," तो म्हणाला, "तरीही?"  

लिझबाईंनीच ठरवलं की आबांशी बोलायचं. आबांनी माझं भाषांतर चालणार नाही असं कळवलं, कारण मी दबावाखाली असू शकते. त्यांनी गावच्या शाळेतले इंग्रजीचे कांबळे सर शेजारी बसवले. मी बाजूला गप्प. आबांनी पगार, करार काही विचारलं नाही. विचारलं, "तुमचं गाव कोणतं? मायबाप हायत का? जनावरं काय हायत?" लिझबाई म्हणाल्या, गावी डुकरं आहेत. मग आबांचे प्रश्न सुरू झाले, माद्या किती पिलं देतात, रोग आला की काय करता, चोरी होते का. चोरी होते म्हटल्यावर आबा पुढं सरकले. "कोण चोरतंय?" लिझबाई म्हणाल्या, "शेजारीच. पण दरवेळी नाव परक्याचं घेतात."

कांबळे सरांनी ते मराठीत सांगितलं आणि आबांनी परत एकदा सांगायला लावलं. मग त्यांनी मला फोनसमोर उभी केली, खोलीत या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायला लावलं, पाय नीट पडतोय का ते बघितलं. शेवटी सरांना म्हणाले, "त्या पोरांस्नी सांगा, म्हाताऱ्याचं मन वाईट हाय, पोरं वाईट न्हाईत." सरांनी ते इंग्रजीत सांगितलं तेव्हा आतल्या खोलीतून सॅमनं ऐकलं. तो बाहेर आला नाही. पण दोन दिवसांनी एकटा आला आणि टेबलावर पाय ठेवला. दार त्यानं उघडंच ठेवलं होतं. बाकीच्यांना आणखी वेळ लागला, आणि एक-दोघं हंगाम संपेपर्यंत दुकट्यानंच येत राहिले.

हंगाम संपल्यावर मी घरी आले. बाजाराच्या दिवशी आबांबरोबर गेले तर एका ओळखीच्या व्यापाऱ्यानं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि आबांना म्हणाला, "पोरगी तिकडं नक्की काय करती? खरंच फुटबॉलच हाय का?" त्या 'खरंच'मध्ये काय होतं ते आम्हा दोघांना कळलं.

आबा चढ्या आवाजात बोलले नाहीत. "तुमी एक तरी सामना बघितलाय का?" त्यांनी विचारलं. "म्या समदे बघितलेत." आणि पुढं चालू लागले. थोडं अंतर गेल्यावर मात्र माझ्याकडे न बघता पुटपुटले, "पुढच्या साली लीग हाय ना पण? का गुंडाळायलेत?" मी म्हटलं, सांगता येत नाही, करार तर वाढवलाय. "मग बी नीट वाचून सही कर," ते म्हणाले.

परत निघायच्या दुपारी आबा, नामदेव आणि मी जेवायला बसलो होतो. बोलता बोलता माझ्या तोंडून निघून गेलं, "घरी पोचले की फोन करते."

आबांचा घास हातात थांबला. "घरी म्हंजे?"

होनियाराची ती खोली माझ्या डोळ्यांपुढे आली. दाराला खुर्ची लावणं मी कधी बंद केलं तेही मला आठवेना. "दोन्हीकडं घरच की आबा," मी म्हणाले.

"माणसाला येकच घर असतंय," आबा म्हणाले. त्यांची नजर परत तशीच झाली, मी काहीतरी लपवत असल्यासारखी.

माय भाकरी थापत होती. तिनं मान वर केली नाही. "बाप्या माणसाला असंल," ती म्हणाली. "मी हितं आले तवापासून माज्या मायच्या गावाला बी घर म्हणते आन् ह्याला बी. तुमी कधी इचारलं न्हाई."

तव्यावरची भाकरी तिनं उतरवली आणि आबांच्या ताटात वाढली. आबांनी ती मोडून घास घेतला. मायच्या बोलण्यावर त्यांनी काही शंका काढली नाही.